धर्म बालकाचा, पात्रता निरीक्षकाची

गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाला सालेकसा हा तालुका आहे. त्याच्या एका अंगाला मध्य प्रदेशाचा बालाघाट जिल्हा, दुसऱ्या अंगाला छत्तीसगड. मुंबई-हावडा लोहमार्ग याच तालुक्यातून दरेकशाच्या डोंगराळ भागात शिरतो. माघ पौर्णिमेला कचारगडच्या गुहांकडे अनेक राज्यांतील गोंड भाविकांची रीघ लागते. एरवी धान, तेंदूपाने आणि मोहफुले यांवर येथील वनवासी कुटुंबांचा संसार चालतो. शेतीचा हंगाम संपला की अनेक घरांतील कर्ती माणसे मजुरीसाठी गाव सोडतात आणि सहा-सात वर्षांचे मूल आश्रमशाळेच्या किंवा वसतिगृहाच्या दारात उभे राहते. त्या क्षणी आईबाप आपल्या हाडामांसाचा गोळा शासनाच्या स्वाधीन करीत असतात. त्यांनी कोणतीही नियमावली वाचलेली नसते. त्यांचा फक्त विश्वास असतो.

त्या मुलाच्या ताटात काय पडते, त्याच्या अंथरुणाला ऊब आहे की नाही, तापाने फणफणले तर त्याला दवाखान्यात कोण नेते, रात्री त्याच्या खोलीचे दार कोणाच्या ताब्यात असते, हे पाहणार कोण? आदिवासी विकासाचे प्रकल्प कार्यालय देवरीला, बालकल्याण समिती गोंदियाला, अपर आयुक्त नागपूरला, आदिवासी विकास आयुक्त नाशिकला आणि महिला व बालविकास आयुक्तालय पुण्याला! इतक्या दूरदूरच्या कार्यालयांचा त्या मुलाशी प्रत्यक्ष संबंध येतो तो एकाच माणसाच्या रूपाने. तो म्हणजे तपासणीसाठी दारात येणारा निरीक्षक. मग त्याचे पद समितीच्या सदस्याचे असो, अधिकाऱ्याचे असो वा आयोगाच्या प्रतिनिधीचे. शासनाचे डोळे म्हणजे त्याचे डोळे. म्हणूनच हा माणूस कोण असावा आणि तो कोणत्या निकषावर निवडला जावा, हा केवळ प्रशासकीय तपशिलाचा प्रश्न नाही. तो राष्ट्राच्या भावी पिढीचा प्रश्न आहे.

दुर्दैवाने या नेमणुकांची चर्चा निघाली की पात्रता मागे पडते आणि भलतेच आग्रह पुढे येतात. अल्पसंख्याकांच्या संस्थांत त्याच पंथाचा निरीक्षक जावा, अन्यथा त्यांच्या घटनादत्त हक्कांवर गदा येईल, असा एक सूर वारंवार लावला जातो. त्याची प्रतिक्रिया म्हणून हिंदू मुलांवर हिंदूच निरीक्षक असावा, असा दुसरा सूर उमटतो. आणि या दोघांच्या गोंधळात सत्ताधारी पक्ष, तो कोणताही असो, आपला एखादा रिकामा कार्यकर्ता त्या खुर्चीवर अलगद नेऊन बसवतो. तिन्ही आग्रहांत एक साम्य आहे : त्यांत बालक कोठेच नाही.

संसदेला काय अभिप्रेत होते?

घटनेच्या सोळाव्या अनुच्छेदातील दुसरे कलम असंदिग्ध आहे. केवळ धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान वा निवास यांच्या आधारे शासकीय नोकरीत कोणाशीही भेदभाव करता येणार नाही. याच अनुच्छेदाच्या पाचव्या कलमात एक अपवाद आहे. एखाद्या धार्मिक वा सांप्रदायिक संस्थेच्या कारभाराशी निगडित पद असेल, तर त्या पदावरील व्यक्ती त्या धर्माची असावी अशी अट कायद्याने घालता येते. देवस्थानाच्या कारभाऱ्याला हा अपवाद लागू पडतो, आणि ते योग्यच आहे. परंतु बालकांच्या निवासाची तपासणी करणारा निरीक्षक देवाची पूजा पाहायला जात नाही. तो मुलांचे पोट, पाठ आणि मन पाहायला जातो. त्याचे पद धार्मिक कारभाराचे नाही. घटनाकारांनी अपवादाची चौकट इतकी काटेकोर आखली असताना ती ओढूनताणून रुंद करण्याचा अधिकार कोणाला आहे?

संसदेला धर्माची अट घालता येत नव्हती असेही नाही. १९९२ च्या राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग कायद्यात अध्यक्षासह पाच सदस्य अल्पसंख्याक समाजांतील असावेत, असे स्पष्ट लिहिले आहे. त्यानंतर तेरा वर्षांनी, २००५ मध्ये, त्याच संसदेने बालहक्क संरक्षण आयोगांचा कायदा केला. त्यात राष्ट्रीय आयोगाच्या सहा सदस्यांसाठी सहा क्षेत्रे सांगितली : शिक्षण; बालकांचे आरोग्य, संगोपन व विकास; बालन्याय आणि उपेक्षित वा अपंग मुलांची काळजी; बालमजुरीचे निर्मूलन; बालमानसशास्त्र वा समाजशास्त्र; आणि बालकांविषयीचे कायदे. किमान दोन महिला असाव्यात, असेही म्हटले. या यादीत धर्म नाही. तो विसरला गेला असे म्हणण्याची सोय नाही, कारण जेथे हवा होता तेथे तो लिहिलेला आहे. जेथे मुलांचा प्रश्न होता तेथे संसदेने जाणकारी मागितली, जन्म नव्हे.

२०१५ च्या बालन्याय कायद्याने हीच दिशा अधिक स्पष्ट केली. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, जी १ सप्टेंबर २०२२ पासून अमलात आली, बालकल्याण समितीच्या सदस्याकडे बालमानसशास्त्र, मनोविकारशास्त्र, कायदा, समाजकार्य, समाजशास्त्र, शिक्षण, मानवी विकास अशा विषयांतील पदवी आणि बालकांच्या क्षेत्रातील सात वर्षांचे सक्रिय काम असावे लागते. अथवा तो अशा पदवीनिशी प्रत्यक्ष व्यवसाय करणारा असावा लागतो. त्याच दुरुस्तीने एक दारही बंद केले. जिल्ह्यातील एखाद्या बालगृहाच्या व्यवस्थापनात असलेल्या व्यक्तीला समितीवर बसता येत नाही. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या नकोत, एवढे साधे शहाणपण त्यामागे आहे.

भक्ती, भीती आणि संशय

निरीक्षक संस्थेच्याच धर्माचा असला की मुले सुरक्षित राहतात, हा समज किती पोकळ आहे हे पाहायचे असेल तर आयर्लंडकडे पाहावे. त्या देशात अनेक दशके अनाथ आणि गरीब मुलांच्या निवासी शाळा कॅथलिक संघांच्या हाती होत्या. मुले कॅथलिक, चालक कॅथलिक आणि देखरेख ठेवणाऱ्या शिक्षण खात्याचे अधिकारीही बहुतांशी कॅथलिक. मे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रायन आयोगाच्या अहवालाने या संस्थांतील मारहाण, उपासमार आणि लैंगिक अत्याचार यांचे जे चित्र जगापुढे ठेवले, त्याने साऱ्या देशाची मान खाली गेली. शिक्षण खाते त्या धर्मसंघांपुढे इतके नम्र आणि लीन झाले होते की तपासणीचे आपले कायदेशीर कर्तव्य ते बजावू शकले नाही, असा निष्कर्ष आयोगाने काढला. तेथे निरीक्षकाचा धर्म जुळत होता. तरीही, किंबहुना म्हणूनच, मुलांचा आक्रोश भिंतीबाहेर आला नाही. भक्तीने हात जोडले की डोळे आपोआप मिटतात.

आता उलटी बाजू. इंग्लंडमधील रॉदरहॅम या शहरात १९९७ ते २०१३ या काळात सुमारे १,४०० मुलांचे लैंगिक शोषण झाले असावे, असा अंदाज अ‍ॅलेक्सिस जे यांच्या अहवालाने ऑगस्ट २०१४ मध्ये मांडला. बळी पडलेल्या मुलींनी बहुसंख्य अत्याचारी आशियाई वंशाचे असल्याचे सांगितले होते. परंतु हे उघड बोलले तर आपल्यावर वंशद्वेषाचा शिक्का बसेल, या धास्तीने तेथील अनेक कर्मचाऱ्यांची जीभ अडखळत होती, हेही त्याच अहवालात नमूद आहे. येथे भक्ती नव्हती, भीती होती. कोणाच्या भावना दुखावतील या चिंतेत मुलींच्या देहाची विटंबना चालू राहिली. आपल्याकडील पुरोगामी मंडळींनी हा अहवाल एकदा तरी शांतपणे वाचावा.

आणि तिसरे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. ते अनेकांना रुचणार नाही. पण न रुचणारे सत्य टाळून बालकांचे हित साधत नाही. ३० मे २०२३ रोजी दानापूरहून पुण्याकडे येणाऱ्या रेल्वेगाडीतून भुसावळ आणि मनमाड या स्थानकांवर ५९ मुलांना उतरवण्यात आले. मुले बिहारमधील होती आणि मदरशांत शिकण्यासाठी निघाली होती. मानवी तस्करीचे गुन्हे दाखल झाले, पाच जणांना अटक झाली, मुले काही दिवस नाशिक आणि जळगाव येथील निवारागृहांत राहिली. मार्च २०२४ मध्ये पोलिसांनीच ही प्रकरणे बंद केली. तस्करीचा पुरावा मिळाला नाही. इतकी लहान मुले घरापासून इतक्या दूर जात असताना चौकशी व्हायलाच हवी होती, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु चौकशी म्हणजे काय? पालकांची संमतिपत्रे, गावातील सरपंचाशी वा पोलीस ठाण्याशी संपर्क, जेथे मुले जाणार त्या संस्थेची नोंदणी आणि प्रत्येक मुलाशी विश्वासात घेऊन स्वतंत्र बोलणे. प्रशिक्षित बालसंरक्षण अधिकाऱ्याने हे सारे नेटाने केले, तर खरी तस्करी चटकन उघडी पडते आणि खोटा संशयही चटकन विरतो. जाणकाराच्या अभावी संशयच अधिकारी बनला, की निरपराध माणसे तुरुंगात जातात आणि पुढच्या वेळी खरा तस्कर 'पाहा, मनमाडला काय झाले' म्हणत निसटतो.

भक्तीने न दिसणे, भीतीने न बोलणे आणि संशयाने नसलेले दिसणे, या तिन्ही व्याधींवर औषध एकच आहे : पात्रता.

सवलतीचे राजकारण

पात्रतेचा हा आग्रह धरला की लगेच अनुच्छेद तीस पुढे केला जातो. अल्पसंख्याकांना आपल्या शैक्षणिक संस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा अधिकार घटनेने दिला आहे, तो कोणी नाकारत नाही. परंतु संस्था चालवण्याचा अधिकार म्हणजे ती निकृष्ट चालवण्याचा अधिकार नव्हे. २०१२ मध्ये शिक्षणहक्क कायद्यात दुरुस्ती करून मदरसे, वेदपाठशाळा आणि प्रामुख्याने धर्मशिक्षण देणाऱ्या संस्थांना त्यातून वगळण्यात आले. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने प्रमती खटल्यात अल्पसंख्याकांच्या शाळांना, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले. परिणाम असा झाला की सालेकशाच्या जिल्हा परिषद शाळेतील गुरुजींना पात्रता परीक्षेचा कायदा लागू, आणि शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या अल्पसंख्याक शाळेतील शिक्षकाबाबत मात्र वाद!

हा वाद महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. १ सप्टेंबर २०२५ रोजी अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्टच्या खटल्यात न्यायालयाने, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवारत शिक्षकांनाही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे बंधनकारक ठरवले. त्याच निकालात प्रमतीच्या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे विचारार्थ पाठवण्यात आला. ही शंका न्यायालयाला वाटली, याचे सर्वांनी स्वागत करायला हवे. सर्वांत आधी अल्पसंख्याक पालकांनी. कारण अपात्र शिक्षकाचा आणि अपात्र निरीक्षकाचा पहिला बळी त्यांचेच मूल असते. सवलत संस्थाचालकाला मिळते. किंमत मूल मोजते. मतपेढीच्या राजकारणाला हे सांगण्याचे धैर्य कधी झाले नाही.

मात्र हाच न्याय हिंदू समाजानेही स्वतःला लावला पाहिजे. शिक्षणहक्क कायद्याची सवलत वेदपाठशाळांनाही मिळाली आहे, हे विसरता येणार नाही. आळंदीतील काही खासगी वारकरी शिक्षण संस्थांत मुलांवर अत्याचार झाल्याचे गुन्हे अलीकडच्या वर्षांत दाखल झाले आणि २०२५ च्या प्रारंभी प्रशासनाला तेथील संस्थांची तपासणी हाती घ्यावी लागली. ज्ञानोबा माउलींच्या समाधिस्थानी, माळ घालून आलेल्या पोराच्या वाट्याला हे यावे, यासारखी लज्जास्पद गोष्ट नाही. अशा संस्थेच्या दारात पात्र निरीक्षक उभा राहिला म्हणून वारकरी संप्रदायाचा अवमान होत नाही. तो दारात उभा राहू नये म्हणून जो धडपडतो, तोच संप्रदायाचा अवमान करतो. दुसऱ्याचे अंगण झाडायला सांगण्याआधी आपला उंबरठा स्वच्छ असावा लागतो.

खरा प्रश्न बालकाच्या धर्माचा

याचा अर्थ बालकल्याणाच्या कामात धर्माला स्थानच नाही, असा नव्हे. स्थान आहे, पण ते निरीक्षकाच्या अर्जातील रकान्यात नाही, बालकाच्या आयुष्यात आहे. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याने पालक नेमताना अल्पवयीनाचे वय, लिंग आणि धर्म विचारात घेण्यास न्यायालयाला सांगितले आहे. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या विसाव्या अनुच्छेदात, कुटुंबापासून दुरावलेल्या मुलाची सोय लावताना त्याच्या वांशिक, धार्मिक, सांस्कृतिक आणि भाषिक पार्श्वभूमीचे सातत्य राखले जावे, असे म्हटले आहे. आणि आपल्या घटनेचा अठ्ठाविसावा अनुच्छेद सांगतो, की शासनमान्य वा अनुदानित शिक्षणसंस्थेत अल्पवयीन मुलाला त्याच्या पालकाच्या संमतीवाचून धर्मशिक्षणात वा उपासनेत सहभागी करता येणार नाही.

सालेकशाच्या रानातून शिकायला निघालेले गोंड मूल ज्या श्रद्धा, जी गाणी, जी देवके घेऊन घराबाहेर पडते, ती घेऊनच ते परत आले पाहिजे. अन्नाच्या घासाबरोबर कोणी त्याच्या गळ्यात दुसरी श्रद्धा बांधत असेल, तर तो केवळ धर्मांतराचा मुद्दा नाही. तो असहाय बालकाच्या विश्वासाचा घात आहे. हे शोधून काढणे निरीक्षकाचे कर्तव्य आहे. पण ते शोधणार कसे? निरीक्षक हिंदू आहे म्हणून मूल त्याच्याशी बोलेल, ही भाबडी समजूत आहे. मूल बोलते ते त्याच्या भाषेत बोलणाऱ्याशी. ज्या निरीक्षकाला गोंडी वा छत्तीसगडीचे चार शब्द येत नाहीत, जो मुलाला चालकासमोर उभे करून 'काही त्रास आहे का?' असे विचारतो, तो कोणत्याही धर्माचा असला तरी रिकाम्या हातांनीच परतणार. म्हणूनच सीमावर्ती आणि वनवासी तालुक्यांत स्थानिक भाषेचे ज्ञान हा पात्रतेचा भाग मानला पाहिजे.

निरीक्षकाच्या श्रद्धेचा आणि कायद्याचा संघर्ष झाला तर काय? त्याचेही उत्तर समोर आहे. २०१५ मध्ये दत्तकविषयक नवे नियम आल्यावर, एकट्या व्यक्तीला मूल दत्तक देणे आपल्या श्रद्धेत बसत नाही असे सांगून मिशनरीज ऑफ चॅरिटी या संस्थेने भारतातील दत्तक केंद्रांचे काम सोडले. त्या संस्थेविषयी कोणाचे मत काहीही असो, त्यातील तत्त्व स्पष्ट आहे. ज्याची श्रद्धा सार्वजनिक कर्तव्याच्या आड येते, त्याने श्रद्धा खुशाल जपावी. पद मात्र सोडावे. पदावर बसून कायदा वाकवू नये.

कागदावरची पात्रता पुरेशी नाही

कायदा चांगला असला तरी तो आपोआप चालत नाही. २०११ मध्ये पनवेलजवळच्या कळंबोली येथील मतिमंद मुलींच्या निवासगृहातील अत्याचार उघडकीस आले आणि २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने संस्थेच्या संचालकाला दोषी ठरवले. ज्या मुलींना आपले दुःख शब्दांत सांगता येत नाही, त्यांच्या वागण्यातून ते वाचायला शिकलेला माणूस लागतो. हजेरीपटावर सही करून चहा पिऊन जाणाऱ्या पाहुण्याचे ते काम नव्हे. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत देशभरातील ९,५८९ बालसंगोपन संस्था मोजल्या गेल्या. त्यांपैकी सुमारे ९१ टक्के स्वयंसेवी संस्था चालवत होत्या, आणि बालन्याय कायद्याखाली नोंदणी झालेल्या संस्था होत्या अवघ्या ३२ टक्के. ज्या संस्थेची नोंदच नाही तिच्या दारात निरीक्षक जाणार तरी कसा?

बालन्याय कायद्याच्या चोपन्नाव्या कलमाने तपासणी समितीला दर तीन महिन्यांतून किमान एकदा प्रत्येक संस्थेला भेट देणे बंधनकारक केले आहे. पथकात किमान तीन सदस्य, त्यांत एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी हवा. भेटीनंतर आठवड्याभरात अहवाल आणि महिन्याभरात कारवाई हवी. परंतु आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा आणि वसतिगृहे सामान्यतः या चौकटीत येत नाहीत. त्यांची तपासणी त्यांचाच विभाग करतो. चालवणारा आणि तपासणारा एकच! सालेकशाच्या मुलाचे खरे दुखणे येथे आहे.

शासनाने करायचे ते फार अवघड नाही. चोपन्नाव्या कलमाची त्रैमासिक, पूर्वसूचनेविना होणारी आणि वैद्यकीय अधिकाऱ्यासह असणारी तपासणी आश्रमशाळांना, मदरशांना, मिशनऱ्यांच्या वसतिगृहांना, वेदपाठशाळांना आणि वारकरी संस्थांना सारखीच लागू करावी. बालकल्याण समित्या व बालहक्क आयोगावरील प्रत्येक सदस्याची पदवी आणि अनुभव जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फलकावर जाहीर करावा. ज्याला तो जाहीर करण्याची लाज वाटेल, त्याची नेमणूकच करू नये. रिक्त जागा राजकीय सोयीची वाट पाहत ठेवू नयेत. आणि तपासणी अहवालात एक रकाना सक्तीचा असावा : मुलाच्या घरची श्रद्धा, भाषा आणि चालीरीती जपल्या जात आहेत काय?

निरीक्षक देवळात जातो, मशिदीत जातो, चर्चमध्ये जातो की कोठेच जात नाही, हे त्या मुलाला विचारून पाहावे. त्याला त्याचे काही नसते. रात्री दिवा मालवल्यावर आपल्याकडे कोणी वाईट हेतूने येणार नाही, आणि आलेच तर आपले ऐकणारा कोणी आहे, एवढेच त्याला हवे असते. समर्थ हिंदू समाजाची कसोटी आपल्या माणसाला खुर्ची मिळवून देण्यात नाही. कचारगडच्या पायथ्याच्या झोपडीतून निघालेल्या मुलासाठी त्या खुर्चीवर सर्वांत लायक माणूस बसवण्यात ती आहे.